खंडेनवमीचा कॉम्प्युटर

आमच्या सासुरवाडीत कॉम्प्युटरमधलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, आणि मलाही फारसं कळत नाही.

मी निपाणीला एका शाळेत भूगोल शिकवतो. सासुरवाडी बेळगावात, वडगावला. पुढच्या खोल्यांत माणसं राहतात आणि मागच्या शेडात पॉवरलूमवर साड्या विणल्या जातात. लग्नानंतर एका सणाला गेलो असताना तिथला कॉम्प्युटर बंद पडला होता. मी टेबलाखाली वाकलो, सैल झालेली वायर आत ढकलली आणि वर आलो तो तज्ज्ञ होऊनच. त्या दिवसापासून बायकोच्या माहेरचा अख्खा गोतावळा मला फोन करायला लागला.

"दाजी, रॅम वाढवू का डिस्क बदलू?"

"रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळा," मी शांतपणे सांगायचो. "एका वेळी चार कामं उघडल्यावर मशीन अडत असेल तर ओटा लहान पडतोय, रॅम वाढव. सुरू व्हायलाच वेळ लागत असेल तर माळ्यावरनं सामान निघायला उशीर होतोय, एसएसडी टाक."

"नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसतोय काय?"

"खाच जुळली तरच. आधी बोर्डाचा नंबर बघ."

"ग्राफिक्स कार्ड लई भारी मिळालंय, घेऊ?"

"काय करणार आहेस त्याच्यावर?"

"दुकानाची बिलं."

"मग नको."

ही उत्तरं बरोबरच होती. मी ती इंटरनेटवर बघून पाठ केली होती. (भूगोलाच्या मास्तराला न पाहिलेल्या मुलुखाबद्दल ठामपणे बोलायची सवय असतेच.) स्वतःच्या हातानं मी तोवर एकही कॉम्प्युटर उघडला नव्हता. हे मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

तो उघडायची वेळ आली ती मामांमुळे. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांनी जन्मभर साड्यांचे काठ काढले. आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं, आणि म्हातारपणी, माझा मेहुणा अण्णानं कॉम्प्युटर आणल्यावर, माऊस धरून. पहिल्यांदा त्यांनी माऊस हातात घेतला तेव्हा तो टेबलावर न फिरवता कागदावर फिरवला होता. पण शिकले. शेवटचा काठ त्यांनी अंथरूण धरायच्या आधी पुरा केला. मोरांचा होता. तो विणलेला काही त्यांना बघायला मिळाला नाही.

धाकट्या मेहुणीचं, संगीताचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं तेव्हा मामींनी एवढंच सांगितलं, "पोरीच्या अंगावर ह्यांचा काठ पायजे. आपल्याच मागावर इणलेला." मामी फार मागणारी बाई नाही. त्यामुळे हे मागणं घरात सगळ्यांनी मनावर घेतलं.

अडचण अशी की काठ होता कॉम्प्युटरच्या पोटात, आणि कॉम्प्युटरला मामा जायच्या आधीपासूनच दम लागत होता. डिझाइन उघडायला गेलं की पडदा गोठायचा. दुसरीकडे कॉपी करायला गेलं तर निम्म्यातच मशीन हात टेकायचं. डिझाइनवरून मागासाठी भोकांची कार्डं पाडून देणाऱ्या दुकानदारानं सांगितलं, "ह्या जुन्या पद्धतीची फाईल आमच्याकडं उघडत न्हाय. तुमच्याच मशीनवर उघडा आणि नव्या पद्धतीनं करून आणा."

संगीताचा मला फोन आला. "दाजी, आता तुमच्याबिगर कोण हाय आमास्नी?"

असं वाक्य ऐकल्यावर कुठला जावई नाही म्हणेल? "काळजी करू नको," मी म्हणालो. "जुनी डिस्क तशीच ठेवायची. जोडीला नवी डिस्क, नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम. मामांच्या काठाला धक्कासुद्धा लागणार नाही."

मी खंडेनवमीचा दिवस निवडला. शाळेला सुट्टी आणि वडगावात त्या दिवशी माग थांबलेले. एरवी त्या घरात खटखटाटामुळे शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं, आणि मला माझं बोलणं सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. माग, धोटे, कात्र्या, स्कूटर, विळी, जे जे पोट भरायला मदत करतं त्याला हळद-कुंकू, गंध, फूल. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला कुणी हात लावत नाही.

टेबलावर धुतलेली चादर अंथरून मी सामान मांडलं. आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला. "अंगातली वीज उतरवायची असते," मी म्हणालो. जमलेली मंडळी आदरानं एक पाऊल मागे सरली. अण्णा भिंतीला टेकून काही न बोलता बघत होता. त्याच्या हातून रोज मागाची दुरुस्ती होते, त्यामुळे तो बोलत नाही हे मला शुभचिन्ह वाटलं.

मामी मात्र अगदी जवळ येऊन बसल्या. मी त्यांना एकेक भाग दाखवला. प्रोसेसर खाचेत बसवून म्हणालो, "मामी, हा मेंदू. सगळं हाच चालवतो. पण हा तापतो. म्हणून ह्याच्या मधोमध पेस्टचा एवढासा टिक्का लावायचा, आणि त्यावर हा पंखा दाबून बसवायचा."

"मधोमध," मामी म्हणाल्या.

"मधोमध. आणि थोडाच. जास्त झालं तर बाहेर येतं."

माझ्या वर्गात इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा विद्यार्थी मला अजून मिळालेला नाही.

एवढ्यात अण्णा शेडात गेला आणि तिथनं त्यानं हाक मारली. मागाच्या पूजेचा नारळ फोडायचा मान जावयाचा. मी जाता जाता स्वयंपाकघरात डोकावलो. बायको होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, लाटत होती. "रेखा, टेबलावर पेस्टची ट्यूब आहे. त्या प्रोसेसरवर मधोमध टिक्का लावून ठेव."

"बरं," रेखा म्हणाली. (गेली काही वर्षं माझ्या प्रत्येक तांत्रिक वाक्याला तिचं हेच उत्तर असतं. त्यातून ऐकलं की नाही हे कळत नाही.)

नारळ फुटायला वेळ लागला. मान जावयाचा असला तरी नारळाला त्याचं काही नसतं. परत येऊन बघतो तर प्रोसेसरवर मधोमध छान पांढरट टिक्का. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "सुरेख लावलास."

"बरं," आतून आवाज आला.

मग मी पंखा बसवला. एक कोपरा जरा उचललेला राहत होता. मी स्क्रू आणखी पिळला.

"दाजी, वाकडा बसलाय काय ओ?" संगीतानं विचारलं.

"हवा खेळायला जागा लागते," मी म्हणालो.

सगळी जोडाजोड झाली. बटण दाबलं आणि कॉम्प्युटर चक्क चालू झाला. मला स्वतःला इतकं आश्चर्य वाटलं की ते लपवण्यासाठी मी चष्मा पुसायला घेतला. दुपारभर मी प्रोग्राम घालत बसलो. मशीन सुसाट चाललं होतं.

"दाजी, वास किती चांगला याय लागलाय ह्येचा," संगीता म्हणाली.

घरभर उदबत्त्या आणि धूप, माझं नाक कधीच चोंदलेलं. "नव्या सर्किटला असा वास असतोच," मी सांगितलं.

शेवटी सगळ्यांना बोलावलं आणि मामांची फाईल उघडली. काठ पडद्यावर आला. हिरव्या पट्टीवर मोरांची रांग, आणि प्रत्येक मोर मान वळवून मागच्याकडे बघतोय. मामी पुढे आल्या. बोट उचलून म्हणाल्या, "ह्यो बघा. ह्या मोराचा डोळा ह्यांनी तीनदा पुसलाता. मला इचारलंतं, बरा दिसतोय काय म्हणून..."

आणि पडदा काळा झाला.

मी बटण दाबलं. चालू झाला, बंद पडला. पुन्हा दाबलं. या खेपेला आणखी लवकर बंद पडला.

"काय झालं ओ दाजी?" संगीताचा आवाज बदलला होता.

खरं उत्तर "मला माहीत नाही" हे होतं. पण इतकी वर्षं ते वाक्य तोंडात बसलेलं नव्हतं. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "पॉवर सप्लाय असू शकतो. किंवा डिस्क."

"डिस्क म्हंजे माळा न्हवं?" अण्णा पहिल्यांदा बोलला. "काठ माळ्यावरच हाय की."

मामी खाली बसल्या. रडल्या नाहीत. पदर हातात घेऊन नुसत्या त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. माणूस गेला तेव्हा त्या अशाच बसल्या होत्या, आणि आता मी त्यांना दुसऱ्यांदा तसं बसवलं होतं. मला फार वाईट वाटलं. निपाणीला, आपल्या नकाशांपाशीच राहायला हवं होतं असं वाटलं.

मी घाईघाईनं स्क्रू ड्रायव्हर उचलला. "उघडून बघतो."

मामी उठल्या. "न्हाय. आज हत्यारांचा दिस हाय. सकाळधरनं तुमी त्येला त्रास द्यालाय. आता पुजून ठेवूया. उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय."

त्यांनी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, हळद-कुंकू वाहिलं आणि समोर समई ठेवली. हार घातलेला, समोर दिवा लावलेला काळा पडदा घरात कसा दिसतो, हे मी सांगायला नको. शेजारची एक बाई प्रसादाला आली ती दारातच थबकली आणि हलक्या आवाजात विचारती झाली, "कवा झालं?"

त्या रात्री मला होळगी गोड लागली नाही.

सकाळी मामींनी अक्षता टाकून कॉम्प्युटर किंचित जागचा हलवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी झाकण काढलं, पंखा सोडवला. खाली प्रोसेसरवर वाळून भेगा पडलेली खपली होती, आणि तिच्यात कडेला चेंगरलेला, हळदीत माखलेला तांदळाचा एक दाणा. चंदनाचा असा घमघमाट सुटला की माझं चोंदलेलं नाकसुद्धा मोकळं झालं.

ट्यूब टेबलावर जशीच्या तशी होती. तिचं झाकणही कुणी उघडलेलं नव्हतं.

सगळं एका क्षणात लक्षात आलं. ओलं होतं तोवर गंधानं काम भागवलं होतं, आणि वाळल्यावर मेंदू तापून मशीन स्वतःच बंद होत होतं. म्हणजे डिस्क ठीक होती. काठ ठीक होता! शिवाय चूक माझी नव्हती. हा अनुभव मला सासुरवाडीत नवाच होता, म्हणून मी मोठ्या उत्साहानं मागे वळलो.

दारात मामी उभ्या होत्या. डोळे सुजलेले, बोटांना अजून हळद. ज्या बाईनं नवऱ्याच्या शेवटच्या कामावर माया करून गंध लावलं, तिला मी काय सांगणार होतो? की तुमच्या हातानंच ते बंद पडलं? ते त्यांनी जन्मभर मनात ठेवलं असतं.

मी रुमालानं प्रोसेसर पुसला, ट्यूबमधली पेस्ट लावली आणि जाहीर केलं, "माझंच चुकलं. मला पेस्ट नीट लावता आली नाही."

कुणीतरी "असं कसं दाजी" म्हणेल म्हणून मी थोडा थांबलो. कुणी म्हटलं नाही.

"मला वाटलंतंच," अण्णा म्हणाला.

"बरं," रेखा म्हणाली.

पंखा या वेळी सपाट बसला. हवा खेळायला जागा राहिली नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. कॉम्प्युटर चालू झाला. फाईल उघडली. मोर आले आणि गेले नाहीत. अण्णानं मला बाजूला सारून काठ नव्या पद्धतीनं करून घेतला आणि त्याच्या कॉपी काढल्या, स्वतःच्या पेन ड्राइव्हवर, संगीताच्या पेन ड्राइव्हवर, आणि एक कार्डवाल्या दुकानदारासाठी. मामी पडद्यापाशी उभ्या राहून त्या एका मोराकडे बघत होत्या. आता त्या रडल्या. मीही रडलो. माझं रडणं निम्मं मामांसाठी होतं आणि निम्मं सुटकेचं.

निपाणीला निघताना मामींनी मला बाजूला घेतलं. होळग्यांचा डबा हातात दिला. मग जरा अवघडून म्हणाल्या, "पाव्हणं, राग मानू नगा. ह्यांनी जायच्या आधी मला सांगिटलंतं. जावई लई गुणाचा हाय, पर मशिनीला त्येचा हात लागू देऊ नगं."

मी म्हणालो, "मग मामी, तुम्ही मला उघडू का दिलंत?"

"तुमचं मन कसं मोडायचं? संगीनं बलिवलंतं तुमास्नी. म्हणून तुमी नारळ फोडाय गेलता तवा मी त्या मेंदूवर गंध लावलं. तुमी सांगिटल्यागत, मधोमध, थोडंच. वर एक अक्षत ठेवली. म्हटलं, देवी, ह्येंच्या हातातनं एवढं वाचीव." त्यांचा चेहरा उजळला होता. "बघा. त्येच्यामुळंच वाचलं का न्हाय?"

मी डबा या हातातून त्या हातात घेतला. "व्हय, मामी," म्हणालो. "त्याच्यामुळंच."

"मग आता दर खंडेनवमीला उघडून लावत जाऊ न्हवं?"

"लावा की," मी म्हणालो, "पण बाहेरनं."

कॉम्प्युटरबद्दल मी आजवर दिलेल्या उत्तरांपैकी स्वानुभवावर आधारलेलं हे पहिलंच.