चाखून घेतलेला साबण

धसईच्या बाजारात आमच्या साबणापुढे गर्दी होती. माणसं वडी उचलत, जिभेला लावत, तोंड वाकडं करत आणि परत ठेवत. विकत कोणी घेत नव्हतं.

सुरुवात मीच केली होती. मुरबाड तालुक्यातल्या साबण बनवायच्या सेंटरवर मी इन्स्ट्रक्टर होतो. मोहाच्या बियांचं तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र घोटायचं, साच्यात ओतायचं, लादी घट्ट झाली की तारेने वड्या कापून मुरायला ठेवायच्या. कॉस्टिक कच्चं राहिलं तर कातडी सोलवटते. त्याची सोपी टेस्ट म्हणजे जीभ. चटका बसला तर माल कच्चा. दुकान मांडताना सवयीने मी एक वडी चाटली. वडी दिसायला गुळासारखी, आणि मोहाचं तेल तर इकडे भाजीतही पडतं.

"गोड नाय लागत, मास्तर," एक म्हातारा म्हणाला.

"आजोबा, साबण आहे तो!"

"मंग तुमी कशाला चाटला?"

साबण घोटणाऱ्या बारकीबाई आणि सोनीबाई शेजारीच बसल्या होत्या. सेंटरच्या साहेबांनी बजावलं होतं, आज माल खपला नाही तर सेंटर बंद. म्हणजे दोघींना पुन्हा वीटभट्टी. आणि मी सगळा माल उष्टा करून ठेवला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

"सोने, मास्तर रडतंय काय गो?"

"नाय गो. साबण झोंबला असंल."

तेवढ्यात साहेबांची जीप आली.

"लोक साबण खातायत?"

"चाखतायत, साहेब. सुरुवात मी केली."

"ते मी विचारलं नव्हतं!"

बारकीबाई उठल्या. समोरच्या किराणा दुकानातही घरगुती साबण होता. "आमचा चाखलात ना? आता शेटचा चाखा!" त्या ओरडल्या.

सगळी गर्दी तिकडे वळली. खात्री करायला साहेबही गेले. मग एकच आरडाओरडा झाला. शेटचा माल कच्चा होता. म्हातारा थुंकत परतला.

"मास्तर, तुमचाच द्या. पन उष्टा नको."

मी तार घेतली आणि प्रत्येक वडीचा वरचा थर सगळ्यांसमोर तासून काढला. दुपारपर्यंत पेटी रिकामी झाली. साहेब तोंडात पाणी धरून जीपमध्ये बसले होते. सेंटर चालू ठेवायचं का, असं मी विचारलं. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी जोरजोरात मान डोलावली.

शेटचा धंदा बुडवल्याची मला टोचणी लागली. पुढच्या बाजारी मी माफी मागायला गेलो.

"ते राहू द्या, मास्तर," शेट म्हणाला. "तुमच्याकडे रोज चाखतं कोण?"

"मी."

"मग पगार कमी आहे तुमचा."

तेव्हापासून मी टेस्ट सेंटरमध्येच, दार लावून करतो. गिऱ्हाइकाला माल दाखवावा, परीक्षा दाखवू नये.