शेजारी बसणारे डॉक्टर

डॉक्टर वर्दे रोग्याच्या समोर कधी बसले नाहीत. ठाण्याला तळ्यामागच्या गल्लीत आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. मागच्या पडवीत चटई घातलेली असे आणि पुढ्यात परात, परातीत कोमट पाण्यातले मोड आलेले वाल. आलेला माणूस आणि डॉक्टर एका ओळीत बसत, परसातल्या केळीकडे तोंड करून, आणि वाल सोलत. डॉक्टर काही विचारत नसत. म्हणत, “समोर बसतो तो फौजदार. पंगतीला बसतो तो आपला.”

गल्लीत लोक हसत. “वेडे सोलतात आणि शहाणे बिरडं जेवतात,” असं म्हणत. डॉक्टरच ते आल्यागेल्याला सांगून हसायचे. त्यांची विधवा बहीण माई मात्र चिडायची. “रोज रोज वाल खाऊन मलाच वेड लागेल एक दिवस,” म्हणायची.

पूर्वी ते वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला होते. या वाटेला का गेलात, असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, “गावी माझी आई गोठ्यात बांधलेली असायची. जेवणाचं ताट मी न्यायचो. ताट ठेवायचं आणि पळायचं. कधी टेकलो नाही हो तिच्याजवळ.”

फाळणीनंतर कल्याणच्या छावणीतून एक सिंधी गृहस्थ येऊ लागले. बायको त्यांना हाताला धरून आणायची. त्यांना मराठी येत नव्हतं, डॉक्टरांना सिंधी नव्हतं. माई म्हणाली, “अरे, बोलणार काय तुम्ही?” डॉक्टर म्हणाले, “तेच बरं. शहाणपण शिकवायची सोयच नाही.” एके दिवशी ते गृहस्थ परातीवर वाकून खूप रडले. परात आत नेताना डॉक्टर माईला म्हणाले, “आज मीठ बेतानं घाल.”

माझी धाकटी बहीण कुसुम कल्याणला दिली होती. तिचा आठ महिन्यांचा मुलगा तापात गेला. ती रडली नाही, तिनं बोलणंच टाकलं. सासरच्यांनी तिला डोंबिवलीला आईकडे आणून सोडलं. “बरी झाली की कळवा,” म्हणाले. मी तिला ठाण्याला माझ्याकडे आणलं आणि डॉक्टरांच्या चटईवर बसवलं.

सगळा पावसाळा ती नुसती बसून होती. श्रावण सरता सरता तिची बोटं वालाकडे गेली. नवरात्रात एका सकाळी, वाल सोलता सोलता म्हणाली, “त्याचे डोळे उघडेच राहिले.” मी दाराआड उभी होते. डॉक्टर फक्त “हं” म्हणाले आणि पुढचा वाल उचलला. मग रोज एखादं वाक्य येऊ लागलं. एके दिवशी घरी येऊन म्हणाली, “ताई, भूक लागली गं.” त्या दिवशी मी आईला पत्र टाकलं.

आई आली, बरोबर कुसुमच्या सासूबाई. दोघी तिला न्यायच्या घाईत. डॉक्टर हात जोडून म्हणाले, “दिवाळी जाऊ द्या. आत्ता कुठे खपली धरतेय.”

“डॉक्टर, लग्न झालेली पोर,” आई म्हणाली, “किती दिवस परक्याच्या पडवीत बसवायची?”

पण डॉक्टरांचा शब्द तिनं मोडला नाही. उठताना मात्र म्हणाली, “आलेय तर ओटी तरी भरते.” लेकीची ओटी न भरता आई कशी जाईल? आमच्या घरी आणून कुसुमला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. आईनं पदरात खण, तांदूळ आणि नारळ घातला. सासूबाई मायेनं म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मांडी भरू दे गं बाई.”

कुसुमनं पदरातल्या नारळाकडे पाहिलं. पदर गोळा केला, तो उराशी धरला आणि हळूहळू थोपटायला लागली. “शू,” आम्हाला म्हणाली, “आत्ता झोपलाय.”

आईला आधी हसू आलं. मग तिनं तोंडावर हात घेतला.

डॉक्टर आले, कुसुमच्या शेजारी बसले. आई रडत नारळ काढून घ्यायला गेली, तेव्हा तिला म्हणाले, “राहू द्या. दुसऱ्यांदा काढून घेतल्यासारखं होईल.” आईला त्यांनी बोल लावला नाही. “प्रेमानंच केलंत तुम्ही,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर कुसुम घराबाहेर पडेना आणि आमच्याशी बोलेना. मग डॉक्टरच परात घेऊन आमच्याकडे यायला लागले. तिच्याशेजारी बसून एकटेच सोलत. सासरहून निरोप यायचे थांबले. वर्ष गेलं, दुसरं गेलं. एकदा धीर करून मी विचारलं, “डॉक्टर, बरी होईल ना?”

“मला नाही वाटत, वहिनी.”

“मग रोज येता ते?”

“वाल सोलायला,” म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. छातीत कळ आली, संध्याकाळपर्यंतही राहिले नाहीत. माईनं परात आमच्याकडे आणून दिली. “मला बघवत नाही गं,” म्हणाली.

आता मीच वाल भिजत घालते आणि सकाळी कुसुमच्या शेजारी बसते. माझ्याच्यानं डॉक्टरांसारखं गप्प राहवत नाही, मधेच तिला हाक मारली जाते. ती ओ देत नाही. नारळ पार वाळलाय. आतलं खोबरं सुटलंय, ती जराशी हलली तरी खुळखुळ्यासारखं वाजतं. वाजलं की ती दचकते, आणि पुन्हा थोपटायला लागते.