धुक्यात चढणारा काटा

मी निवृत्तीनंतर गाडी चालवायला शिकले. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईने घर्षणाचे नियम फळ्यावर बिनचूक मांडावेत आणि राजपुऱ्याच्या वळणावर गाडी तीनदा बंद पाडावी, यातली विसंगती माझ्या विद्यार्थिनींच्या नजरेतून सुटली नसणार. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवत आणि मी आतल्या आत त्यांची क्षमा मागत असे.

गाडी माझ्या दिरांची. ते तापीपलीकडे मळ्यात राहतात, केळी लावतात. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आम्हाला दिली. देताना फारच सहज दिली, असे मला वाटले. त्यातच शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या, "घरच्या माणसाची गाडी घेऊ नये. खोट निघाली तर बोलता येत नाही." हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

त्या गाडीला इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा नव्हता, फक्त एक लाल दिवा होता. इंजिन तापून नुकसान होऊ लागले, की तो लागणार. अपाय झाल्यावर बोलणाऱ्या दिव्यावर माझा विश्वास बसेना. म्हणून बुधवारा भागातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन मी गिअरच्या दांड्यापुढच्या रिकाम्या खणात दोन गोल मीटर बसवून घेतले, एक तापमानाचा आणि एक बॅटरीचा. हिवाळ्यात नदीवर धुके असते, म्हणून पुढे दोन पिवळे दिवेही लावले. त्यांचे बटन मीटरच्या खाली.

तो काम करत असताना मी स्टुलावर बसून त्याच्या हातांकडे पाहत होते. दुकानदाराला प्रश्न विचारण्याचे धैर्य माझ्यात नाही. नुसते पाहत राहणे जमते. सगळ्या काळ्या तारा परतीच्या, म्हणजे वीज ज्या वाटेने गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतते त्या वाटेच्या. त्याने पत्रा घासायची कानसपट्टी काढली.

"मॅडमजी, इथला पेंट घिसावा लागेल. पेंटवर अर्थिंग बराबर नाही मिळत."

नव्यासारखा दिसणारा पत्रा हा माणूस खरवडणार, मग तिथे गंज चढणार, मग तो पुन्हा काम काढणार, अशी साखळी माझ्या मनात क्षणात तयार झाली.

"खरवडू नका," मी म्हणाले.

"मग लाइटची तार तरी पुढे वेगळी लावतो."

"नको. सगळ्या एकाच स्क्रूखाली घ्या. मला दिसतील अशा."

त्याने माझ्याकडे जरा पाहिले. "जैसी आपकी मर्जी," असे म्हणून त्याने सगळ्या काळ्या तारा रंगावरच, एका स्क्रूखाली आवळल्या. काम सुबक दिसत होते. मला समाधान वाटले.

आठवड्यातून तीन सकाळी मी मळ्यात जाई. दिरांची मुलगी बारावीला होती. तिचे भौतिकशास्त्र माझ्याकडे. पुलाजवळ धुके दाट होई, तिथे मी चाचपडत पिवळे दिवे लावी. पूल संपेपर्यंत रस्त्यावरून नजर हलवण्याची माझी छाती नव्हती. पलीकडचा चढ चढून खाली पाहावे, तर काटा एकशे दहावर! येताना ऊन पडलेले असे, तेव्हा तोच काटा पंच्याऐंशीवर शहाण्यासारखा उभा.

"येताना ठीक असतो ना?" माझे यजमान म्हणाले.

"जाताना चढ आहे. आजारी इंजिन चढावर उघडे पडते."

"तू गाडीचा पेपर तपासतेयस की गाडी चालवतेयस?"

दिरांनी कधीतरी इंजिन उघडले असावे, आतली गळती कशीबशी बुजवली असावी आणि मग ते आमच्या गळ्यात घातले असावे, असा निष्कर्ष माझ्या मनात दिवसेंदिवस घट्ट होत गेला. एकदा धीर करून विचारले, "भाऊजी, इंजिनाचं काही काम झालं होतं का?"

"नाही वैनी. काबरं?"

"सहज."

त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी 'खताची पोती आणायचीत' म्हणून गाडी दिवसभर मागून नेली. परत आल्यावर मी टॉर्च घेऊन बॉनेटखाली पाहिले. रेडिएटरचे हिरवे पाणी लाल झाले होते आणि एका झाकणावर काळ्या बोटांचे ताजे ठसे होते. मागे पोत्याचा एक दोरासुद्धा नव्हता. पुरावा दडवला गेला होता, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

त्यानंतर त्या घरात मला मोकळेपणाने बसवेना. पुतणीला ओहमचा नियम शिकवी, जावेने केलेला चहा अर्धा ठेवी आणि उठे. गाडी परत करायची म्हणजे दिरांना तोंडावर खोटे ठरवायचे. एकदा ते वाक्य बोलले, की त्या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल टाकता येणार नाही, हे मला ठाऊक होते. आमच्या दोन घरांत आजवर वाटण्यांवरूनसुद्धा शब्द वाढला नव्हता. तरीही शेवटी मी यजमानांना म्हणाले, "तुम्ही चला. माझ्याने बोलवणार नाही."

त्या सकाळी धुके आमच्या गल्लीतच उतरले होते. यजमान मफलर शोधत होते. मी गाडी नुकतीच सुरू केली आणि पुलाची वाट न पाहता तिथेच पिवळे दिवे लावले.

काटा तळाशी पडलेला होता. बटन दाबताच तो टुणकन उठून सत्तरीकडे गेला.

मी खाली उतरून बॉनेट उघडले, इंजिनावर हात ठेवला. गार. परत बसून दिवे बंद केले, काटा खाली. लावले, काटा वर. असे मी सात वेळा केले. कोणतेही इंजिन एका क्षणात तापत नाही आणि एका क्षणात निवत नाही. दिव्यांच्या विजेला रंगामुळे परतीची वाट अपुरी पडत होती. त्याच स्क्रूखाली बांधलेला मीटर त्या कोंडीत सापडून खोटे बोलत होता. ती कोंडी मीच हट्टाने करवून घेतली होती. दिव्यांशिवाय चढलेल्या काट्याची एकही नोंद माझ्याजवळ नव्हती, आणि हे एकदाही माझ्या ध्यानात आले नव्हते.

यजमान मफलर गुंडाळत आले. "चल, आज बोलूनच टाकू."

"बोलायचंच आहे," मी म्हणाले. "पण मीच बोलते."

पूल मी एकशे दहाचा काटा घेऊनच ओलांडला. दिरांना अंगणातच सगळे सांगितले. अगदी पाण्याचा रंग टॉर्चने पाहिल्याचेही. सांगताना माझी नजर त्यांच्या चपलांवर होती.

ते गाडीत जाऊन बसले, बटन दाबले, सोडले, पुन्हा दाबले.

"तुम्ही विचारलं ना, तेव्हाच वाटलं, गाडी तापत असेल," ते आतूनच म्हणाले. "दादाला तोंड कसं दाखवू? रेडिएटर साफ करवला, थर्मोस्टॅट नवा टाकला. पाणी बदललं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही संकोचानं गाडी परत केली असती. इंजिन मी कधीच उघडलं नाही वैनी."

"मला आता ठाऊक आहे, भाऊजी."

"आणि चहा अर्धा टाकून उठत होत्या, ते याच्यामुळे? ही रोज विचारे, आपलं काय चुकलं म्हणून. साखर बदलली हो तिनं!"

दारात उभी असलेली माझी जाऊ तोंडाला पदर लावून हसली. पण तिचे डोळे हसत नव्हते. त्या दिवशी मी कप पूर्ण रिकामा केला आणि दुसरा मागून घेतला. तिने दुसरा दिला, तोही जरा वेळ थांबून.

दुपारी दीर स्वतः आमच्याबरोबर बुधवाऱ्यात आले. इलेक्ट्रिशियनने खणाचे झाकण काढले, स्क्रू पाहिला आणि माझ्याकडे न पाहता कानसपट्टी उचलली. दिव्यांची तार त्याने वेगळी करून पुढे नेली. मी टॉर्च धरला. रंगाखालचा पत्रा नाण्याएवढा लखलखीत झाला.

"अजून थोडं खरवडा," मी म्हणाले.

"बस करा वैनी," मागून दीर म्हणाले, "नाहीतर उद्या म्हणाल, दिरानं बिनरंगाची गाडी दिली."