ताजमहालासमोरची बाई

“ताई, हातातली पिशवी खाली ठेवा आणि सरळ उभ्या राहा. हसला नाहीत तरी चालेल.”

अनोळखी बायकांना मॅडम असा हुकूम सोडायच्या, आणि बायका तो ऐकायच्याही.

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या माझ्या शेजारी बसायच्या. तयार झालेला प्रोग्रॅम कसा वापरायचा, याची पुस्तिका लिहिणं हे आमचं काम. मी नुकतीच कॉलेजातून आलेली. त्या चाळिशी ओलांडलेल्या, बिबवेवाडीत एकट्या राहणाऱ्या. कंपनीत सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे. त्यांना मात्र सगळेच ‘मॅडम’ म्हणायचे.

रजा मिळाली की मॅडम कॅमेरा घेऊन निघायच्या. चारमिनार, लाल किल्ला, गेटवे. अशा ठिकाणी तुम्हीही पाहिलं असेल: घरातले सगळे फोटोसाठी ओळीत उभे राहतात आणि एक बाई बाजूला सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत थांबते. मॅडम नेमका तिचा फोटो काढायच्या. एकटीचा, मागे अख्खी इमारत. पत्ता लिहून घेऊन प्रत पोस्टानं पाठवायच्या.

“हे सुचलं कुठून?” मी एकदा विचारलं.

“कार्ल्याच्या लेण्यांसमोर आमचा सगळ्यांचा फोटो आहे. आई त्यात नाही. ती चपला राखत होती.” त्या टाइप करत राहिल्या. मग म्हणाल्या, “आता आई नाही. तिचा एकही फोटो नाही.”

एकदा मी त्यांच्याबरोबर विजापूरला गेले. गोलघुमटासमोर सोलापूरचं एक कुटुंब होतं. मॅडमनी त्यातल्या बाईला पुढे बोलावलं, तसा तिचा नवरा आडवा आला. “अहो, तिचा कशाला? आमची गाडी सुटेल.”

“आधी त्यांना विचारा की, गाडी पकडायची आहे का ते.”

तो काही बोलायच्या आत त्या बाईनं दोन्ही पिशव्या त्याच्याच हातात दिल्या. “थांबा हो जरा,” म्हणाली. पदर सारखा केला आणि उभी राहिली. तेवढ्यात पहारेकरी आला. “फोटोची परवानगी घेतली का?”

“घेतली. ह्यांची.”

त्या वर्षी कंपनीनं परदेशी ग्राहकांसाठी कॅलेंडर काढायचं ठरवलं. मॅडमचा ताजमहालाचा फोटो साहेबांना फार आवडला. फक्त त्यात पोपटी साडीतली एक जाडजूड बाई होती. कमरेवर हात ठेवून, सातबारा तिच्याच नावावर असल्यासारखी.

“मॅडम, ही बाई काढून टाकता येईल ना? कॉम्प्युटरवर जमतं हल्ली.”

“जमतं की. मग मागचा ताजमहालही काढा, सर. तोही एका बाईसाठीच बांधलाय.”

साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत. फोटो उचलून त्या केबिनबाहेर आल्या. कॅलेंडरवर दुसऱ्या कुणाचा तरी ताजमहाल छापला गेला, आणि मॅडमच्या वार्षिक अहवालात शेरा आला: ‘इतरांशी जुळवून घेत नाहीत.’

शेरा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पोपटी साडीतल्या बाईचा तो फोटो मोठा करून आपल्या टेबलामागच्या पार्टिशनवर लावला. काढायचा निरोप आला. त्यांनी काढला नाही. सोमवारी येऊन पाहते तर फोटो गायब. मॅडमनी पिशवीतून दुसरी प्रत काढली. तीही गेली, तेव्हा तिसरी.

“मॅडम, कशाला उगीच वैर घेताय?” मी म्हटलं. मला खरंच भीती वाटत होती.

“निगेटिव्ह माझ्याकडे आहे. बघू कोण आधी दमतं.”

ते दमले. चौथी प्रत कुणी काढली नाही.

पुढे मंदी आली. माणसं कमी करायची यादी लागली, त्यात मॅडमचं नाव पहिल्या पाचांत. शेवटच्या दिवशी त्यांनी डबा, स्वेटर, शब्दकोश आवरला. फोटोला हात लावला नाही. “राहू दे. बघतील.” साहेबांच्या केबिनसमोरून न थांबता गेल्या.

महिन्याभरानं त्या मला स्वारगेटला दिसल्या, हंपीकडे जाणाऱ्या होस्पेटच्या एसटीत चढताना. गळ्यात कॅमेरा.

“अहो मॅडम, नोकरी शोधायची सोडून हंपीला?”

“आजवर नोकरी मीच शोधली. आता तिनं मला शोधावं.”

खिडकीची काच धुळीनं मळलेली होती. त्यांनी ती पदरानं पुसली, आतून आणि मग हात बाहेर काढून बाहेरूनही. गाडी हलली. मी हात केला, पण त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या.

त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत.