पावरीला मिळालेली दाद

नाशिकच्या त्या संगीत महोत्सवात माझ्या शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. नाव मी विचारलं नाही. सायखेड्याहून सकाळच्या पहिल्या एसटीने आल्या होत्या, एवढंच बोलता बोलता कळलं. खयाल चालू असताना त्या डोळे मिटून मांडीवर ताल धरायच्या आणि सम आली की अख्ख्या अंगाने हसायच्या.

देशभरातले दोन-तीन गवई गाऊन गेले. मग सुरगाण्याकडचे एक वादक पावरी घेऊन मंचावर आले. भोपळ्याचं ते लांबलचक आदिवासी फुंकवाद्य पाहताच कुजबुज सुरू झाली. आमच्या रांगेतले एक गृहस्थ उठलेच.

"शास्त्रीय मैफलीत हे कशाला?"

त्यांचं पाहून आणखी चार-पाच जण उठले. वादक पावरी ओठांशी धरून तसेच थांबले.

बाईंनी वाट द्यायला पाय काही आखडले नाहीत. गृहस्थ चिडले. "तुम्हाला यातलं कळतं का?"

"काही म्हणजे काही नाही," बाई खुशीत म्हणाल्या. "पण पहिल्यांदा मला यमन तरी कुठं कळला होता? बसून राहिले, म्हणून कळला. बसा हो, लांबून आलाय तो माणूस."

गृहस्थ ओशाळून बसले. उठलेले बाकीचेही बसले. पावरी घुमू लागली, तबल्याने तिला छान धरलं, आणि सभागृहभर माना डोलायला लागल्या.

अचानक गृहस्थांच्या तोंडून मोठ्याने "वा!" निघून गेलं. सम अजून यायची होती.

बाई माझ्या कानाशी वाकल्या. "दाद जरा लवकर दिली," त्या म्हणाल्या, "पण दिली!"