खिशातला डावा हात

रविवारी सकाळी मी जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून, चालू ठेवून तपासत होतो आणि बायको माझ्या कॅमेऱ्याने फोटो काढत होती. आत अडीचशे व्होल्ट असतात, म्हणून आम्हा छंदिष्टांचा एक नियम आहे: काम उजव्या हाताने, डावा खिशात. दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते. हा नियम मी कधीच मोडला नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

तिनं लगेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड सुरेख आला होता. त्या उजेडात माझा डावा हात रेडिओच्या पत्र्यावर निवांत टेकलेला होता.

"अहो, हा खिशात असतो ना?"

"असतो."

"मग हा कुणाचा?"

आपण सावध असतो ते मनात. हात आपला सोयीच्या जागी जाऊन बसतो. आजवर तो तिथे कितीदा बसला असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. एरवी फोटो काढायला कुणी नसतं.

तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि सुटकेचा श्वास सोडला. बटण बंद झाल्यावरही आत बराच वेळ वीज साठून राहते, हे मला तेव्हा तिला सांगवलं नाही.