माणसं वळणारं कुत्रं
नवी घोंगडी उलगडली की लोकरीच्या वासासरशी मला आमचं कुत्रं आठवतं. रझाकारी नुकतीच संपली होती. हसनाबादच्या आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवणाऱ्या धनगरानं ते पिल्लू दिलं आणि आम्ही ते जुन्या जालन्यातल्या घरी आणलं. मोठं झाल्यावर ते रोज दिवेलागणीला गल्लीतली पोरं हाकत आमच्या ओट्यावर आणून बसवी. एका पोरीच्या टाचेला दात लागला, तेव्हा शेजारीण म्हणाली, “तुमचं कुत्रं आमच्या लेकरांना मेंढरं समजून राह्यलंय काय?” वडिलांनी ते परत द्यायला मला हसनाबादला धनगराकडे पाठवलं. धनगर म्हणाला, “मालक, त्याला काम पाह्यजे. घरात मेंढरं न्हाईत, मंग ते माणसं वळतं.” मी दोर सोडून रस्त्याला लागलो, तर ते धावत पुढं आलं आणि माझी वाट अडवून छातीनं माझे पाय मेंढ्यांकडे ढकलू लागलं. मी ढेकूळ उचलून मारलं, तरी हटेना. शेवटी धनगरानं त्याला बांधलं. कुत्र्याच्या लेखी मी कळपातून सुटत होतो आणि मला परत आणणं हे त्याचं काम होतं. ते करताना त्यानं माझा मार खाल्ला, हे मी घरी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.